काट्यावरची दुपार: कामातला कंटाळा समजून घेताना

विदर्भातल्या वणीच्या बाजूला एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी काही वर्षे वजनकाट्यावर नोंदी घेण्याचे काम केले. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की पहाटेपासून फाटकाबाहेर बैलगाड्या, ट्रॅक्टर आणि पिकअप यांची रांग लागत असे, आणि प्रत्येक गाडीमागे तेच काम असे: शेतकऱ्याचे नाव, गाव, गाडीचा नंबर, भरलेल्या गाडीचे वजन, कापूस खाली केल्यावर रिकाम्या गाडीचे वजन, वजाबाकी आणि चिठ्ठी. एप्रिल उजाडला की फाटक ओस पडे. मग पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, कुलरच्या घरघरीत, जिथे कोणीही येणार नाही अशा काट्यावर आठ तास बसायचे. नवल असे की डिसेंबरात शंभरावी चिठ्ठी फाडताना आणि मे महिन्यात कोऱ्या रजिस्टरकडे पाहताना माझ्या तोंडून एकच वाक्य निघे: "लय बोर होऊन रायलं बावा." शब्द एक होता, पण दुखणी दोन होती, आणि हे ध्यानात यायला मला बरेच हंगाम लागले. कामातल्या कंटाळ्यावर सल्ला देणारे पुष्कळ लोक इथेच चुकतात. सगळ्या कंटाळ्यांना ते एकाच पुडीतले औषध देतात.

कंटाळ्याची एक नेटकी व्याख्या टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडली. तिचा आशय असा, की समाधान देणाऱ्या एखाद्या गोष्टीत मन गुंतवण्याची इच्छा असते, पण गुंतता येत नाही, आणि ही अडलेली अवस्था त्रासदायक वाटते. यातला पहिला भाग महत्त्वाचा आहे: इच्छा असते. आळशी माणसाला काही करावेसे वाटत नाही आणि तो त्यात सुखी असतो. थकलेल्या माणसाला बाजेवर दोन तास झोप मिळाली की तो ताजा होतो. कंटाळलेल्या माणसाला मात्र झोपेने बरे वाटत नाही आणि रिकामपणाने सुखही होत नाही, कारण त्याची भूकच वेगळी आहे. "कामाचा कंटाळा येतो" असे म्हणणाऱ्याला आपल्याकडे लगेच कामचुकार ठरवले जाते, ते या फरकाकडे दुर्लक्ष करून.

आपल्या भाषेने मात्र हा फरक फार पूर्वी ओळखला होता. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आपण हसण्यावारी नेतो. तुंबडी लावून दूषित रक्त काढण्याचे काम पूर्वी न्हावी करत. गिऱ्हाईक नसले की हा गडी तीच तुंबडी भिंतीला लावून बसे. तो आळशी असता तर सरळ भिंतीला टेकून झोपला असता. त्याचे हात काम मागत होते आणि काम मिळत नव्हते, म्हणून त्याने भिंतीलाच रोगी केले. ईस्टवुड यांची व्याख्या या म्हणीपेक्षा फार पुढे गेलेली नाही, असे मला वाटते.

ही भूक किती तीव्र असते हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमोथी विल्सन यांनी केला आणि तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसांना एका खोलीत पंधरा मिनिटे एकटे बसवले. मोबाइल नाही, पुस्तक नाही, फक्त आपले विचार. समोर एक बटण होते. ते दाबले की विजेचा सौम्य पण नकोसा झटका बसे. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेही देऊ, असे याच लोकांनी आधी सांगितले होते. तरीही १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत किमान एकदा स्वतःला झटका देऊन घेतला. काहीच न घडण्यापेक्षा काहीतरी दुखलेले बरे, असा हा हिशेब होता. हे वाचल्यावर मला आमच्याकडचा खर्रा आठवला. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटत बसणे हाच दुपारचा उद्योग होतो. घोटताना हात गुंततात, गप्पा होतात, तंबाखूने क्षणभर तरतरी येते. सुपारी आणि तंबाखू या दोन्हींमुळे तोंडाचा कर्करोग होतो हे खर्रा खाणाऱ्याला बहुधा ठाऊक असते. तरी पुडी सुटत नाही. व्यसन हे त्याचे मोठे कारण आहेच, पण दुपारी दोन ते पाच या वेळेत त्या माणसाला दुसरे काय करायला असते, हा प्रश्न व्यसनमुक्तीच्या फलकांवर कधी दिसत नाही.

कंटाळ्यात वेळ लांबतो, याचेही कारण साधे आहे. मन एखाद्या कामात बुडाले की वेळेकडे द्यायला लक्ष उरत नाही, म्हणून तास कसे गेले ते कळत नाही. काम मनाला धरून ठेवत नसेल, तर मोकळे राहिलेले लक्ष घड्याळाकडे जाते, आणि जितके वेळा आपण घड्याळ पाहतो तितका तास ताणला जातो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या ख्रिस्ती साधूने याचे वर्णन करून ठेवले आहे. भर दुपारी साधूंना एक पिशाच्च पछाडते, असे तो म्हणतो: सूर्य जागचा हलत नाहीसा वाटतो, दिवस पन्नास तासांचा भासतो, माणूस सारखा बाहेर येऊन ऊन किती कलले ते बघतो, आणि त्याला आपली जागा आणि आपले काम नकोसे होते. पांढरकवड्याच्या किंवा ब्रह्मपुरीच्या मे महिन्यात ज्याने कचेरीत दुपार काढली आहे, त्याला हे पिशाच्च वेगळे समजावून सांगायला नको. त्यात थोडा भाग शरीराचाही आहे. दुपारी एक ते चारच्या दरम्यान माणसाची तरतरी मुळातच उतरते, जेवण केले नसले तरी उतरते; वर ऊन आणि बंद खोली यांची भर पडते. म्हणून आकडेमोड, पडताळणी आणि पत्रव्यवहार सकाळी उरकावा आणि दुपारसाठी हिंडण्याचे, हात चालवण्याचे किंवा माणसांशी बोलण्याचे काम राखून ठेवावे, एवढा साधा फेरबदलही उपयोगी पडतो. शेतमजूर उन्हाळ्यात तांबडे फुटताच शेतात जातात आणि ऊन चढण्याआधी परततात. कचेऱ्यांनी हे त्यांच्याकडून शिकायला हरकत नव्हती.

काही कामांत मात्र कंटाळा नुसता त्रास देत नाही, तो धोका होतो. जिनिंगमध्ये कापूस यंत्रात जाण्याआधी बाया त्यातली कवडी (किडलेला, घट्ट झालेला कापूस), पालापाचोळा, सुतळीचे आणि प्लॅस्टिकचे तुकडे वेचतात. त्यात क्वचित खडा किंवा लोखंडाचा तुकडा निघतो, आणि तो निसटून यंत्रात गेला तर ठिणगी उडून रुई पेटू शकते. हजार मूठभर पांढऱ्या कापसात एकदा काहीतरी दिसणार, आणि ते नेमके त्याच क्षणी दिसले पाहिजे. वीज उपकेंद्रात मीटरकडे बघत रात्रपाळी करणारा यंत्रचालक, रेल्वे फाटकावरचा गेटमन, उन्हाळ्यात जंगलाच्या मचाणावरून वणव्याचा धूर शोधणारा वनमजूर, या सर्वांचे काम याच जातीचे आहे.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदलाला हीच अडचण आली. समुद्रावर पाणबुड्या शोधणारे रडारवरचे जवान पडद्याकडे टक लावून बसत, पण जसजसा वेळ जाई तसतशा पडद्यावरच्या खुणा त्यांच्या नजरेतून सुटू लागत. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने यासाठी घड्याळासारखी एक तबकडी बनवली. तिचा काटा दर सेकंदाला एक पाऊल पुढे सरके आणि कधीतरी, ठरावीक अंतर न ठेवता, एकदम दोन पावले उडी मारी. ती उडी दिसली की कळ दाबायची, एवढेच काम, सलग दोन तास. १९४८ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षानुसार पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या चुका ठळकपणे वाढत होत्या. ही निवडक आणि प्रशिक्षित माणसे होती, युद्धाचा काळ होता. निष्काळजीपणाचा आरोप त्यांच्यावर सहज करता आला नसता. लक्ष ही वस्तूच अशी आहे, की घडत काही नसेल तर ती फार वेळ एका जागी टिकत नाही.

यावरचा उपाय दटावणी हा नाही. दर अर्ध्यापाऊण तासाने माणसाची जागा बदलणे हा आहे. वेचणीवरची बाई थोड्या वेळाने झाडणीला गेली, झाडणीवरची वेचणीला आली, तर मजुरीचा एक पैसाही जास्त लागत नाही. रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून पीक राखायला रात्री मळ्यावर जागलीला जाणारे लोक शक्यतो जोडीने जातात आणि पाळीपाळीने जागतात. मध्येमध्ये हाकारे घालतात, डबा बडवतात. तो आवाज जनावरांसाठी असतो हे खरे, पण जागणाऱ्याची झोपही त्यानेच उडते.

मघाशी म्हटलेल्या दोन दुखण्यांकडे आता वळतो. पहिले, काम भरपूर पण तेच तेच. दुसरे, कामच नाही. दुसऱ्या प्रकाराला स्वित्झर्लंडमधील फिलिप रॉटलिन आणि पीटर वेर्डर यांनी २००७ मध्ये 'बोरआउट' असे नाव दिले. अतिकामाने माणूस जळून जातो तसा तो कामाच्या अभावानेही झिजतो, हे त्यांचे म्हणणे. आणि त्यातला सर्वांत थकवणारा भाग म्हणजे कामात असल्याचे सोंग. साहेबांच्या गाडीचा आवाज आला की फाइल उघडायची, संगणकावर तोच तक्ता वरखाली करायचा, हे ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे की खरे काम याच्या निम्म्यानेही दमवत नाही. सेवा केंद्रावर सर्व्हर डाऊन असताना समोर रांग आणि हाती काहीच नाही, हा याचा आणखी वाईट अवतार.

तिसराही एक प्रकार आहे आणि तो सहसा ओळखू येत नाही. काम आवाक्याबाहेरचे असेल तरीही कंटाळा येतो. नवीन लागलेल्या मुलाला न शिकवता ऑनलाइन प्रणालीवर बसवले, तर चार दिवसांत तो "बोर आहे" म्हणू लागतो. वास्तविक तो अडलेला असतो, आणि "येत नाही" म्हणण्यापेक्षा "बोर आहे" म्हणणे त्याला सोपे जाते. मिहाय चिक्सेंटमिहाय या हंगेरियन वंशाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कडे चढणारे गिर्यारोहक, बुद्धिबळपटू, शल्यचिकित्सक अशा माणसांच्या मुलाखती घेऊन १९७५ मध्ये मांडले, की कामाची अवघडता आणि आपले कौशल्य यांचा मेळ बसला की माणूस त्यात हरवून जातो. दिवसभर टेबलाशी जांभया देणारा शिपाई रात्री भजनात खंजिरी घेऊन पहाटेपर्यंत डोळा न मिटता बसतो, तो याच कारणाने. माणूस तोच असतो. खंजिरी त्याच्याकडून काहीतरी मागते, टेबल काहीच मागत नाही.

हंगामातल्या कंटाळ्यावर माझा उपाय मला अपघाताने सापडला. गाडी काट्यावर चढण्याआधी मी तिच्यातल्या कापसाचे वजन मनाशी अंदाजायला लागलो. ट्रॉली किती दबली आहे, कापूस सुका आहे की दवाने ओला, भरणारा हात सैल आहे की पायांनी तुडवून भरणारा, हे सगळे मग पाहावे लागे. रजिस्टरच्या समासात मी पेन्सिलने अंदाज लिही आणि दोन्ही वजने झाली की किती चुकलो ते पाही. सुरुवातीला दोन-तीन क्विंटलांनी चुकत असे; हंगाम संपेपर्यंत फरक बहुतेक वेळा अर्ध्या क्विंटलाच्या आत येऊ लागला. एका जानेवारीत लागोपाठ तीन गाड्यांना माझा अंदाज चार-चार क्विंटलांनी जास्त निघाला. मी आधी स्वतःलाच दोष दिला, मग काटा थांबवून खाली पाहायला लावले. फळीच्या कडेशी एक दगड आणि घट्ट बसलेली माती अडकली होती आणि भरलेल्या गाडीचे वजन कमी दाखवले जात होते. मालकाला तेवढी खोळंबलेली रांग आवडली नाही. त्या तीन शेतकऱ्यांना परत बोलावून वजन दुरुस्त करून द्यावे लागले, हेही मालकाला आवडले नसावे.

जे घडले त्याची उपपत्ती रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७६ मध्येच मांडलेली आहे, हे मला पुढे वाचनातून कळले. काम मनाला धरते ते पाच गोष्टींमुळे, असे ते सांगतात: त्यात निरनिराळी कौशल्ये लागणे, एखादी गोष्ट आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या हातून होणे, तिचा दुसऱ्या कोणावर परिणाम होणे, ती कशी करायची हे थोडेफार आपल्या हाती असणे, आणि ती बरी झाली की वाईट हे लगेच कळणे. चिठ्ठ्या फाडण्यात यांतले जवळजवळ काहीच नव्हते. अंदाजाच्या खेळाने तीन गोष्टी आणल्या: नजरेचे कौशल्य, माझी स्वतःची पद्धत आणि दोन्ही वजने होताच हाती येणारा निकाल. मालकाने काही बदलले नव्हते, पगारही तेवढाच होता. नेमून दिलेल्या कामाला आपल्यापुरते असे वळण देण्याचा अभ्यास एमी व्हर्झेस्निएव्स्की आणि जेन डटन यांनी २००१ मध्ये केला. रुग्णालयातील काही सफाई कर्मचारी आपले काम रुग्ण बरा होण्याचाच भाग मानतात आणि त्याप्रमाणे ते वेगळ्या रीतीने करतात, असे त्यांना आढळले.

इथे सावध राहायला हवे. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले. तिथे रोज चरखा चालत असे. हाताची तीच हालचाल आणि तेच सूत, पण कातणाऱ्याने ते काम स्वतः पत्करलेले होते आणि ते कशासाठी आहे हे त्याला ठाऊक होते. हे उदाहरण देऊन दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला "कामात अर्थ शोधा" असे सांगणे मात्र मला खोडसाळपणाचे वाटते. तिने ते काम निवडलेले नाही, आणि अर्थाचे प्रवचन हे मजुरीला, सावलीला आणि पिण्याच्या पाण्याला पर्याय होऊ शकत नाही. तिला काम वाटून घेण्याची, जागा बदलण्याची आणि बोलण्याची मुभा देणे हे मालकाच्या हाती आहे, आणि तिथून सुरुवात व्हायला हवी.

बोलण्याची मुभा ही गोष्ट दिसते त्यापेक्षा मोठी आहे. डोनाल्ड रॉय या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने एका कारखान्यात ठोकयंत्रावर स्वतः काम केले, दिवसाचे बारा तास, तोच साचा, तीच कळ. सुरुवातीला त्याला वेड लागायची पाळी आली. हळूहळू त्याच्या लक्षात आले, की सोबतच्या कामगारांनी दिवसाचे तुकडे पाडून घेतले आहेत. एका ठरावीक वेळी पीच फळ वाटून खायचे. दुसऱ्या वेळी एकाने दुसऱ्याच्या डब्यातले केळे पळवायचे, "केळ्याची वेळ झाली" म्हणून ओरडायचे आणि ज्याचे केळे गेले त्याने रोज नव्याने रागवायचे. बाहेरून हा पोरखेळ होता, पण त्यानेच दिवस ढकलला जाई. निंदणाच्या बाया गाणी म्हणत, एकमेकींची टिंगल करत तास पुढे नेतात, ते याहून निराळे नाही. शेतात जाऊन "बोलू नका, हात चालवा" म्हणणाऱ्या शेतमालकाला मी नेहमीच थोडा कच्चा समजत आलो आहे.

बैठकांपुरती एक गोष्ट सांगतो. जॅकी अँड्रेड यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना टेलिफोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला. निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार पेन्सिलने भरायला सांगितले. आकार भरणाऱ्यांना निरोपातला मजकूर २९ टक्के जास्त आठवला. हाताला क्षुल्लक काम मिळाले की मन फार दूर भटकत नाही. तेव्हा तालुक्याच्या आढावा बैठकीत कोणी वहीच्या समासात गोल काढत असेल, तर साहेबांनी त्याच्यावर घसरण्याआधी थोडा विचार करावा.

आणि मोबाइल. आज काट्यावर बसणाऱ्या मुलाला माझ्यासारखे कोऱ्या रजिस्टरकडे पाहावे लागत नाही. अंगठा वर सरकवला की नवे चित्र येते. टोरांटो विद्यापीठातील केटी टॅम आणि मायकेल इंझ्लिक्ट यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नेमके हेच तपासले. कंटाळा टाळण्यासाठी एका व्हिडिओवरून दुसऱ्यावर उड्या मारणाऱ्यांना, एकच व्हिडिओ शेवटपर्यंत पाहणाऱ्यांपेक्षा, जास्त कंटाळा आला. कारण गुंतायला वेळ लागतो, आणि दर दहा सेकंदांनी उडी मारणारा माणूस गुंतण्याच्या आतच बाहेर पडतो. पुढचे अधिक चांगले असेल ही आशा हातातले फिके करते. मोबाइल फेकून द्यावा असे मी म्हणणार नाही. पाहायचेच असेल तर एक गोष्ट पुरती पाहावी. एक कीर्तन, एक सामना, सोयाबीनवरचे एक व्याख्यान, जे आवडेल ते.

कंटाळा आणि आजार यांतली सीमाही ओळखता आली पाहिजे. कंटाळलेला माणूस कामावरून सुटला की खुलतो; पोळ्याला, शंकरपटाला, लेकरांत तो रमतो. घरीही काही नकोसे वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आणि असे दोन आठवड्यांहून जास्त चालले असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि तिथे कामाची वाटणी बदलून भागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना सांगावे, किंवा १४४१६ या 'टेलि-मानस'च्या निःशुल्क क्रमांकावर मराठीत बोलावे.

आता राहिला मे महिना. अंदाजाचा खेळ तिथे चालत नव्हता, कारण गाडीच येत नव्हती. दोन उन्हाळे मी तसेच काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात फिटरचा हाताखालचा पोरगा लग्नाला गेला आणि फिटरने मला सहज हाक मारली. हंगाम संपल्यावर जिनिंग यंत्रांचे चामड्याचे रोलर उघडतात, त्यांवरचे झिजलेले चर पुन्हा पाडतात, सुऱ्यांना धार लावतात. मला यातले काही येत नव्हते. फिटरनेही वीस वर्षांत हे कोणाला शब्दांत सांगितले नव्हते, त्यामुळे तो प्रत्येक वाक्य अर्धवट सोडून हातानेच दाखवी. पहिला रोलर मी वाकडा बसवला, तो त्याने मुकाट्याने उघडला आणि पुन्हा माझ्या हाती दिला. तीनचा चहा घेऊन आलेला पोऱ्या मला शोधत काट्यावर गेला, तिथे कोणी नाही म्हणून परत फिरला, आणि त्या दिवशी माझा चहा राहून गेला.